चुलत

रजेच्या अर्जात 'कारण' या शब्दापुढे दीड इंचाची रेघ असते. त्या रेघेवर मी लिहिलं, 'चुलत सासऱ्यांचं निधन'. साहेबांनी वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "अच्छा, चुलत." वाईट काही बोलले नाहीत. दोन दिवसांची रजा लगेच दिली. पण तो 'अच्छा' माझ्या डोक्यातून जाईना. सख्खे असते तर 'अरेरे' आलं असतं. 'चुलत' म्हटलं की दुःखाचा भाव उतरतो, आणि त्यात चुलत सासरे! म्हणजे नातं मुळात लग्नाने आलेलं, तेही आडवाटेने. नवऱ्याच्या वडिलांचा धाकटा भाऊ. माझा-त्यांचा रक्ताचा एक थेंब संबंध नाही.

आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. सासूबाई तेवढ्या 'भाऊजी' म्हणत.

सासरची मोठी माणसं आपल्याला नेहमी अर्ध्यातूनच मिळतात. मी या घरात आले १९९७ च्या डिसेंबरात. नाना तेव्हा एकोणसाठ वर्षांचे. निवृत्त होऊन वर्ष झालेलं, कारण त्या काळी सरकारी नोकरीत अठ्ठावन्नलाच निरोप मिळायचा. त्यांचे काळे केस मी फक्त फोटोत पाहिले. पुतण्याला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडणारे नाना, पुतणीच्या वह्यांना रात्री बसून कव्हरं घालणारे नाना, मोठा भाऊ गेल्यावर ट्रंक घेऊन वहिनीच्या दारात उभे राहिलेले आणि मग तिथेच राहिलेले नाना, हे सगळं माझ्या नवऱ्याच्या आणि नणंदेच्या वाट्याचं. परवा ते दोघं रडत होते तेव्हा मला स्पष्ट दिसत होतं की ते कुठल्या तरी पस्तीस-चाळीस वर्षांच्या माणसासाठी रडताहेत. त्या माणसाला मी ओळखत नाही. माझे नाना सुरुवातीपासूनच म्हातारे होते. त्यांनी लग्न का केलं नाही याच्या घरात तीन हकिकती आहेत आणि तिन्ही एकमेकींना खोटं पाडतात. १९६८ च्या १९ सप्टेंबरला केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा संप झाला, त्यात नाना होते असं नणंद म्हणते. नवरा म्हणतो, ते त्या दिवशी रजेवर होते. मी विचारलं तेव्हा नाना म्हणाले, "जुनं आहे ते." माझ्याकडे ते आले ते असे, मागची पानं फाटलेल्या पुस्तकासारखे. आता ती पानं दाखवणारं घरात कुणी उरलेलं नाही. सासूबाई त्यांच्या सहा वर्षं आधीच गेल्या.

पहिल्याच आठवड्यात माझं नानांशी बिनसलं. त्यांना पत्ताही नव्हता.

झालं असं की मी काही सांगितलं की ते मला उलट ऐकवायचे. "नाना, ताईंची गाडी सहा पन्नासला येते." "सहा पन्नास." "नाना, डॉक्टरांनी साडेअकराला बोलावलंय." "साडेअकरा." डोळे वर नाहीत, चेहऱ्यावर काही नाही. आधी वाटलं, कानाने कमी ऐकू येत असेल. पण शेजारच्या खोलीत पडलेली सुई त्यांना ऐकू यायची. मग वाटलं, नव्या सुनेवर विश्वास नाही; पुन्हा पुन्हा वदवून घेताहेत. एका रात्री नवऱ्यापाशी कुरकुर केली. तो हसायला लागला. म्हणाला, "अगं, आयुष्यभर तारेत होते ते."

मी नवीन होते. मला वाटलं, पीत होते!

गैरसमज दूर व्हायला दोन मिनिटं लागली, पण ती दोन मिनिटं मी हादरले होते. नाना तार खात्यात होते. वीस वर्षांचे असताना, १९५८ मध्ये लागले. आधी मोर्सचं, म्हणजे टिंब आणि रेघांच्या तारेच्या लिपीचं, शिक्षण, मग मुंबईला हुतात्मा चौकातलं मोठं तारघर. तेव्हा त्या चौकाला हे नाव नव्हतं, फ्लोरा फाउंटन होतं. मग बदल्या, तालुक्याची गावं, पुन्हा मुंबई. आकडा उलट वाचून दाखवायची सवय तिथली. पुढे एकदा त्यांनीच कारण सांगितलं: "शब्द चुकला तर कळतो. मदरचं मडर झालं तर पुढचं वाचून माणूस सावरून घेतो. आकड्याला मागंपुढं नसतं. सातचे नऊ झाले तर नऊच वाचणार." म्हणून तारेतले आकडे शेवटी पुन्हा पाठवून पडताळायचे. मी बँकेत आहे. आकड्यांशीच माझा दिवस जातो, पण इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. आता काउंटरवर कुणी रक्कम सांगितली की मीही ती उलट म्हणते. परवा एक मुलगा वैतागून म्हणाला, "तेच तर सांगितलं मॅडम."

नानांच्या खात्यात शब्दाला पैसे पडत. त्यामुळे की मुळातच स्वभाव तसा म्हणून, नाना शब्द मोजून खर्च करत. फोन उचलला की 'हां' आणि ठेवताना काहीच नाही. सांगून झालं की खाली. समोरचा 'बरं मग, ठेवतो हं' म्हणेपर्यंत इकडे फोन ठेवलेला. किती नातेवाईक त्यावरून रुसले! मला बढती मिळाली तेव्हा मी घरभर नाचत सांगत सुटले होते. नानांनी पेपर खाली केला, "बरं" म्हणाले आणि पेपर वर केला. त्या 'बरं'चा मला फार राग आला होता. एक 'छान' म्हणायला काय जात होतं?

माझे वडील गेले तेव्हाही तसंच. घर माणसांनी भरलेलं, प्रत्येकाला काहीतरी बोलायचं होतं, चांगलंच बोलायचं होतं. नाना आले, कोपऱ्यातल्या खुर्चीवर चार तास बसले. कुणाशी बोलले नाहीत, माझ्याशीही नाही. निघताना म्हणाले, "सोमवारी न्यायला येतो." सोमवारी आले. त्या दिवसांत लोक जे जे बोलले त्यातलं मला आज एवढंच वाक्य शब्दशः आठवतं. तेव्हा मात्र मी मनात म्हटलं होतं, काय कोरडा माणूस आहे!

एकदा मी त्यांना बोलले. कशावरून ते आठवत नाही. काहीतरी विचारलं होतं आणि त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळेल अशीही नाही. मी म्हटलं, "नाना, घरात शब्दाला पैसे पडत नाहीत." म्हटलं आणि जीभ चावली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. नाना उठून गॅलरीत गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. ते समोर येऊन बसले आणि बोलायला लागले. पाऊण तास. मी घड्या घालणं कधी थांबवलं तेही मला कळलं नाही.

पानशेतचं धरण फुटलं ते १२ जुलै १९६१ ला. नाना तेव्हा तेवीस वर्षांचे, मुंबईच्या तारघरात. पुण्यात पाणी शिरल्याची बातमी मुंबईत पसरली तशी माणसं तारघराकडे यायला लागली. घरोघरी फोन नव्हते. परगावी फोन करायचा तर ट्रंककॉल लावून ताटकळायचं. तेव्हा तारच. रांग जिन्यावरून खाली रस्त्यावर. नाना म्हणाले, कुणाच्याही फॉर्मवर काय लिहिलंय ते वाचायची गरजच नव्हती. पत्ते वेगळे, मजकूर एकच: 'वायर वेल्फेअर'. खुशाली कळवा. दोन शब्द. काहींना इंग्रजी येत नसे. ते कोऱ्या फॉर्मवर पत्ता सांगत आणि खाली काय लिहायचं म्हणून नुसते बघत राहत. त्यांच्यासाठीही नाना तेच लिहीत. एक म्हातारी म्हणाली, बाबा, त्याला लिही की तू बरा आहेस ना, जेवतोस ना, आणि घर गेलं असेल तर गेलं, तू इकडे निघून ये. नानांनी ऐकून घेतलं आणि लिहिलं, वायर वेल्फेअर. तिला वाचून दाखवलं तेव्हा तिने विचारलं, "एवढंच?" नाना म्हणाले, "यात सगळं आलं, आजी."

हे सांगताना नाना जरा थांबले. मग म्हणाले, "सगळं नव्हतं आलं."

मग उलट्या तारा यायला लागल्या. 'ऑल सेफ'. पुन्हा 'ऑल सेफ'. रात्रभर. झोपायला घरी गेले तरी बोटं तेच वाजवत होती: तीन टिंबं, टिंब, रेघ, टिंब, टिंब, रेघ, टिंब, टिंब. सेफ. मी मूर्खासारखं विचारलं, "आणि ज्यांची उत्तरं आली नाहीत त्यांचं?" नाना म्हणाले, "ते आम्हाला कसं कळणार? आमच्याकडे आलेलंच येतं. न आलेलं येत नाही."

त्यानंतर ते मधूनमधून बोलू लागले. वर्षातून दोन-तीनदा, पण बोलले की भरपूर. मला एक किल्ली सापडल्यासारखी झाली होती. इकडचं तिकडचं विचारलं की 'हां', तारेचं विचारलं की दार उघडायचं. जुन्या यंत्राला मोर्सची शिट्टी नसायची, दोन ठोके असायचे, दांडी खाली आपटल्याचा एक आणि वर आपटल्याचा एक. कड आणि कट्ट. त्या दोहोंमधलं अंतर कमी की जास्त यावर टिंब की रेघ ते ओळखायचं. "आवाज ऐकायचा नसतो," नाना म्हणत, "मधली जागा ऐकायची." मग मोठ्या तारघरांत टेलिप्रिंटर आले, त्यातून छापील पट्ट्या निघत, त्या कापून डिंकाने फॉर्मवर चिकटवायच्या. ते काम नानांना आवडायचं नाही. डिंकाच्या कामाला माणूस कशाला, म्हणत. लहान तारघरांत मात्र कडकट्ट पुढेही बरीच वर्षं चालू राहिलं, आणि म्हणून आडगावी बदली झाली की घरचे हळहळायचे आणि नाना खूश व्हायचे.

लाइन मोकळी असली की पलीकडच्या माणसाशी गप्पा चालत. प्रत्येकाचा हात वेगळा. कुणाची रेघ लांबट, कुणी टिंबं उडवल्यासारखी टाकणारा. पलीकडे कोण बसलंय ते दुसऱ्या अक्षराला समजायचं. सोलापूरच्या तारघरात एक गृहस्थ होते. चार वर्षं रात्रपाळीला नाना आणि ते रोज बोलत. पलीकडच्याला ताप आलाय हे नानांना हातावरून कळायचं. तोंड मात्र पाहिलं नव्हतं. पुढे कुणाच्या तरी लग्नात भेट झाली. दोघांना शेजारी बसवलं, आणि दोघांनाही एक शब्द सुचेना. चार वर्षांचे जिवलग, आणि 'प्रवास कसा झाला'च्या पुढे गाडी जाईना. शेवटी म्हणे सोलापूरवाल्यांनी टेबलावर नखाने काहीतरी वाजवलं आणि नाना हसून हसून लाल झाले. काय वाजवलं ते मात्र सांगायचे नाहीत. त्या गृहस्थांना नाना आयुष्यभर गावाच्या नावानेच ओळखत राहिले. "सोलापूरचा फोन होता." "सोलापूरच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं." माझ्या लेकीला बराच काळ वाटायचं, सोलापूर हे आजोबांच्या मित्राचं नाव आहे आणि नकाशातल्या गावाला ते त्यांच्यावरूनच पडलंय.

लेक त्यांच्याकडून मोर्स शिकली आणि तिच्यामुळे कानावर पडून थोडं मीही शिकले. टेबलावर टकटक केली तर रेघ लांबवता येत नाही, ठोका तो ठोकाच. म्हणून नानांची युक्ती: टिंब नखाने, रेघ बोटाच्या मऊ भागाने. एक टक, एक थप. न्हाणीघराच्या दारावर थप-टक-थप वाजलं की समजायचं, नाना बाहेर उभे आहेत. ते इंग्रजी 'के' अक्षर, तारेत त्याचा अर्थ, 'आता तुम्ही बोला'. आतून लेक टक-थप-टक-टक-टक वाजवायची, म्हणजे 'थांबा'. ती दहा मिनिटं थांबवायची. मी असं केलं असतं तर?

घरोघरच्या माणसांना तारेची वाटायची ती भीती नानांनी पलीकडच्या बाजूने पाहिली होती. तारवाला दारात दिसला की बायका आधी हंबरडा फोडायच्या, मग तार वाचायला कुणाला तरी बोलवायच्या, आणि तीत नोकरी लागल्याचं निघायचं. मृत्यूच्या तारांवर 'एक्स एक्स' अशी खूण असे आणि त्या बाकीच्यांना मागे सारून पुढे जात. पण लोक सहसा मृत्यू लिहीतच नसत. 'फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली' असं लिहीत. "काउंटरवरचा माणूस पांढरा पडलेला," नाना सांगत, "आणि लिहितो सीरियस. आम्ही काही बोलायचो नाही. गाडीत बसण्यापुरती बातमी द्यायची. उरलेली घरी गेल्यावर कळते." आमच्या घरात एक दंतकथा होती की सख्ख्या भावाच्या मरणाची तार नानांनी स्वतःच्या हाताने उतरवून घेतली. लग्नानंतर मला ती तिघांनी तरी सांगितली होती, डोळ्यांत पाणी आणून. मी एकदा धीर करून नानांना विचारलं. ते म्हणाले, "छे. त्या दिवशी माझी सुट्टी होती. मी झोपलो होतो."

१५ जुलै २०१३ पासून तार बंद होणार असं जाहीर झालं. त्याआधीचा दिवस रविवार होता. शेवटची तार पाठवायला लोकांच्या रांगा लागल्या होत्या. वर्तमानपत्रांत १६३ वर्षांच्या सेवेचे लेख. ज्यांनी जन्मात तार केली नव्हती ते स्वतःलाच तार करत होते. नवरा आणि लेक उत्साहाने तयार झाले. नानांना म्हणाले, चला, फोटो काढू. नानांनी विचारलं, "बातमी काय आहे?"

"बातमी काही नाही. आठवण म्हणून."

"बातमी नाही तर तार कशाला?"

ते आले नाहीत. तरी त्या दोघांनी जाऊन नानांच्याच नावे तार केली. मजकूर मी सांगितला होता: 'नाना तुमच्यामुळे घर उभं राहिलं'. रोमन अक्षरांत. २०११ पासून पन्नास शब्दांपर्यंत सत्तावीस रुपये असा दर झाला होता. हे कळलं तेव्हाच नाना चिडले होते, पन्नास शब्द म्हणजे पत्र झालं की! त्यामुळे आमचे पाच शब्द आणि पत्ता त्यांना पसंत पडतील असा माझा अंदाज होता. तार बुधवारी आली. नानांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली. पहिल्या शब्दावर काट मारली. "पत्त्यात नाव आहे. पुन्हा कशाला?" मग थोडा वेळ बघत बसले आणि दुसऱ्या शब्दावर काट मारली.

"तो का?"

"चुकीचा आहे," ते म्हणाले. "वहिनीमुळे."

सासूबाई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. नानांनी फॉर्मच्या कोपऱ्यात मिळाल्याची तारीख आणि वेळ घातली आणि तो विजेच्या बिलांच्या फायलीत लावून टाकला. लग्न न करण्याच्या तीन हकिकतींमध्ये ही चौथी घालायचा मोह मला अनेकदा झाला आहे. घालत नाही. त्यांनी एक शब्द दुरुस्त केला, त्यातून मी कादंबरी काढली तर ते मलाही काट मारतील.

२०१५ मध्ये त्यांच्या उजव्या हाताला थरथर सुरू झाली. पार्किन्सन. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं: हात स्वस्थ पडलेला असताना ही थरथर जास्त, काही उचलायला गेलं की कमी, झोपेत बहुधा थांबते. सेकंदाला चार ते सहा वेळा. अंगठा आणि तर्जनी अशी हलतात की गोळी वळताहेत असं वाटावं. नानांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "चार ते सहा." पुढे आवाज बारीक होत गेला, मग पुटपुटणं, मग तेही क्वचित. कमी बोलणाऱ्या माणसाचं बोलणं गेलं तर घराला कळायला वेळ लागतो. आम्हाला महिना लागला असेल. नंतर लक्षात आलं की नाना आकडे परत म्हणत नाहीत.

आता जे सांगते ते सांगायला थोडी लाज वाटते. शेवटच्या हिवाळ्यात रात्री मी त्यांच्याजवळ बसायची. हात पांघरुणावर, अंगठा आणि बोट चाललेलं. आणि एका रात्री माझ्या मनाने घेतलं की हे काहीतरी पाठवताहेत. अडतीस वर्षं बोटांनी बोललेला माणूस, तोंड बंद झालं तर बोटांनीच बोलणार ना! आवाज येत नव्हता म्हणून मी हाताखाली वर्तमानपत्र सारलं. कागद खसखसायला लागला. मी लेकीची जुनी वही घेतली आणि टिंबं उतरवायला बसले. चार रात्री. तिसऱ्या रात्री लेक पाणी प्यायला उठली. वही पाहिली, माझ्याकडे पाहिलं. "आई, हा आजार आहे. मेसेज नाहीये."

मला माहीत होतं. डॉक्टरांचं सगळं मी स्वतः ऐकलं होतं. पण चौथ्या रात्रीही मी बसले.

वहीत नुसती टिंबं आहेत. पानंच्या पानं. रेघ एकही नाही, आणि रेघेशिवाय कुणी तार पाठवत नाही. मोर्समध्ये सलग आठ टिंबं म्हणजे 'चुकलं, पुन्हा पाठवतो'. ती आठ टिंबं त्या वहीत शेकडो वेळा आहेत. हे मला दिसलं तेव्हा अंगावर काटा आला होता हे खरं. कुणाला सांगितलं तर तोही शहारतो, म्हणतो, 'बघ, त्यांना काहीतरी म्हणायचं होतं.' नव्हतं. थरथरणाऱ्या हातातून टिंबांखेरीज दुसरं काय निघणार? पंचेचाळीस मिनिटं सलग मोजली तर आठाचे किती गट पडतील याचा हिशेब बँकेतल्या बाईला तरी करता यायला हवा. डोळा लागला की हात थांबायचा. पेपर गप्प. मग मी वही मिटून झोपायला जायची. त्या थांबलेल्या हाताकडे बघण्यासाठीच मी तेवढं जागायची की काय, असं आता वाटतं.

नाना पहाटे गेले. ऐंशीव्या वर्षी, घरी. खोलीत मी आणि नवरा होतो. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

नातेवाइकांना कळवायचं होतं. नवऱ्याने फोन हातात घेऊन लिहायला सुरुवात केली, 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की आमचे परमपूज्य काका...' आणि तिथे तो अडला. मी फोन घेतला. लिहिलं: 'नाना आज पहाटे गेले.' मग 'आज' काढून टाकलं, तारीख वर दिसतेच. तीन शब्द. मला वाटलं, हे त्यांना चाललं असतं. कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवलं. पाच मिनिटांनी एका दूरच्या दिराचं उत्तर आलं: 'कुठे?'

नवरा रडता रडता हसला. मीही. शेवटी त्यानेच लांबलचक मजकूर लिहून पाठवला, 'परमपूज्य' आणि 'प्राणज्योत' वगैरे सगळं घालून, आणि मग हात जोडलेल्यांची रांग लागली. तारघरात 'सीरियस' लिहिणाऱ्यांनाही काय कळवायचं ते नीट कळत होतं. मला तीन शब्दांतही जमलं नाही.

एक जण उरले होते. ते ग्रुपवर नव्हते, त्यांच्याकडे मोबाइलही नव्हता. नंबर नानांच्या वहीत 'सोलापूर' या नावाखाली होता. सात वाजता लावला. बराच वेळ वाजल्यावर त्यांनीच उचलला.

"हां."

मी कोण ते सांगितलं. मग म्हटलं, नाना गेले. या वेळी कुणी 'कुठे' विचारलं नाही.

"किती वाजता?"

"पाच दहा."

"पाच दहा," ते म्हणाले. पलीकडे कागद पुढे ओढल्याचा आवाज आला.